सुई तर हिरव्यात होती

हिंदी मुलखातल्या रांझी ह्या कारखान्याच्या वस्तीत कुलूप लागणारी लोखंडी पेटी कुठेही दिसली, तर ती अंबादास गजभियेच्या हातची, हे न विचारता समजून घ्यायचं. विहारातली दानपेटी त्याची. शेजारच्या चंपाबाईच्या पाण्याच्या मोटरवरचं झाकण त्याचं. दूधवाल्यानं सायकलमागे लावलेला खोका, तोही त्याचाच. कारखान्यात उभी हयात वेल्डिंग करण्यात गेली आणि रिटायर झाल्यावरही हात काही स्वस्थ बसेनात. कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, "अंबादासभाऊ, एक पेटी पाहिजे होती," की हा पत्रा कापायला बसलाच. पैसे घ्यायचा नाही. चहा घ्यायचा आणि कौतुक घ्यायचा. कौतुक जरा जास्तच घ्यायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

कुलपाचं वेड मात्र जुनं. लग्न होऊन नवीन नवीन क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हा अंगणातली पाण्याची मोटर कोणी तरी उचलून नेली. बायको, कुसुमबाई, डोळ्यांना पदर लावून बसली. त्या दिवसापासून अंबादासनं कानाला खडा लावला, की कामाची वस्तू उघडी ठेवायची नाही. कारखान्यातही तीच शिस्त होती. आपल्या नंबरचं पितळी टोकन खिडकीत टाकल्याशिवाय साधा पान्हा हाती मिळत नसे. ते अंगात इतकं भिनलं की घरात साखरेला कुलूप, रेडिओला कुलूप, पोरीच्या परीक्षेच्या दिवसांत टीव्हीच्या रिमोटलाही कुलूप. कुसुमबाई हसून म्हणायची, "मलेही टाका एखाद्या पेटीत." तो म्हणायचा, "तुले कोण नेते वं?" आणि दोघंही हसायचे. पुढे कुसुमबाईला जे न्यायला आलं त्याला कुलूप चालत नाही. ती गेली, आणि घरात अंबादास एकटा उरला.

पोरगी एकच, सुनेत्रा. बालाघाटला दिली होती. तिथं जमलं नाही. काय जमलं नाही हे बापानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. फारकत झाली, आणि आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी एक सुटकेस घेऊन ती रांझीला परत आली. विहारात बायका हळहळल्या. अंबादासही चारचौघांत मान खाली घालून बसला. पण आता खरं बोलायचं तर मनातून तो खूष होता. हो, खूष! स्वतःच्या पोरीचा संसार मोडला आणि हा माणूस संध्याकाळी खवा-जिलेबी घेऊन घरी आला. एकट्यानं खिचडी खाऊन खाऊन कंटाळला होता बिचारा. बिचारा म्हणायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुनेत्रा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. पुण्याच्या एका कंपनीत तिनं नोकरी मिळवली. कोणाचं कपडे धुवायचं मशीन बिघडलं, कोणाचा फ्रिज थंड होत नाही, की ते लोक कंपनीला फोन करणार आणि तो फोन रांझीत सुनेत्राच्या लॅपटॉपवर येणार. तिनं कानाला हेडफोन लावून गोड बोलायचं, पडद्यावर तक्रार लिहायची, मेकॅनिक पाठवायचा. सगळं घरबसल्या. अंबादासची छाती फुगली. चौकात, विहारात, पेन्शनवाल्यांच्या बाकावर एकच पालुपद, "पोरगी पुण्याच्या कंपनीत हाय, पण राहते माह्यापाशी." त्यातल्या 'माह्यापाशी'वर तो जरा जोर द्यायचा.

नोकरीसाठी घरात इंटरनेट आलं. लाइनमननं खांबावरून तार ओढली, हॉलमध्ये बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली एक पांढरा राउटर लावला, दोन शिंगांचा, हिरवे दिवे लुकलुकणारा. लाइनमन गेला आणि अंबादास त्या राउटरकडे बघत उभा राहिला. पोरीची भाकरी ह्याच्यावर, आणि हे असं भिंतीवर उघडं! गच्चीवर माकडं येतात, घरात उंदीर आहेत, दार उघडं राहिलं तर चोर काय पाहुण्यासारखा आत येईल. दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रा आणला. चांगला जाड. त्या पेटीवर त्यानं जो जीव लावला तो दानपेटीवरही लावला नव्हता. कडा घासून गुळगुळीत केल्या, बिजागरीला ग्रीस दिलं, राउटर तापू नये म्हणून बाजूंना बारीक भोकं पाडली, तार आत जायला खाली खाच ठेवली आणि वरून कारखान्यातला असतो तसा गडद हिरवा रंग दिला. राउटर आत, दार बंद, कुलूप, चावी खिशात. मग आठवडाभर जो घरी येईल त्याला ती पेटी दाखवून झाली.

आणि नेट रडायला लागलं.

सुनेत्रा आतल्या खोलीत टेबल मांडून बसायची. समोरचा माणूस बोलता बोलता मध्येच मुका व्हायचा. पडद्यावर गोल चकरी फिरत राहायची. ग्राहक चिडायचे, "मॅडम, सुनाई दे रहा है कि नहीं?" पहिल्याच महिन्यात तिनं बापाला हळूच विचारलं होतं, "बाबा, पेटीचं दार जरा उघडं ठेवून पाहू का? लोखंडातून सिग्नल येत नसेल कदाचित."

"काहून? पेटीनं काय केलं?" अंबादास एकदम उसळला. "हवेला भोकं पाडली ना मी! ह्याच लोखंडानं तुले शिकवलं, तुह्यं लग्न केलं. आता लोखंड वाईट झालं?"

"तसं नाही म्हणून राहिली बाबा..."

"मंग कसं म्हणून राहिली?"

त्या रात्री तो जेवला नाही. सुनेत्रानं ताट झाकून ठेवलं, सकाळी गाईला घातलं आणि पुन्हा पेटीचं नाव काढलं नाही. ह्या घरात एखादी गोष्ट कशी बंद करायची हे बापाकडून तीही शिकली होती.

मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, साहेबांचा फोन होता. कॉल लय तुटून राहिले म्हणाले. नेट नाही सुधारलं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा म्हणाले." पुणे! म्हणजे पुन्हा खिचडी, पुन्हा रिकामं घर, पुन्हा भिंतीकडे तोंड करून बातम्या ऐकायच्या. अंबादासनं पायात वहाणा सरकवल्या आणि तडक सिटी बस पकडून शहरातल्या गोरखपूर भागात भाच्याचं दुकान गाठलं.

भाचा चंद्रशेखर. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, डोळ्यांवर गॉगल, जीभ लोण्याची. लाइन तपासली नाही, घरी आला नाही, काही नाही. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मामाजी, टेन्शन काहून घेऊन राहिले? लाइन नाही, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. नेट बूस्टर टाकून देतो. स्पीड डबल. चलो, लॅपटॉप आणा."

लॅपटॉप गेला, लॅपटॉप आला. आता पडद्याच्या कोपऱ्यात एक मीटर दिसायला लागलं. गोल, अर्धं लाल, अर्धं हिरवं, त्यात काळी सुई. बटण दाबलं की सुई थरथरत लालातून उठायची आणि झपकन हिरव्यात जाऊन उभी राहायची. खाली इंग्रजीत लिहून यायचं, अभिनंदन, तुमचं नेट आता वेगवान झालं आहे.

अंबादास त्या सुईवर भाळला. भाळणारच! ज्या माणसानं आयुष्यभर गॅस सिलिंडरच्या मीटरची सुई पाहून ज्योत पेटवली त्याला सुई खोटं बोलेल हे स्वप्नातही येणार नाही. कारखान्यात माणूस खोटं बोलायचा, साहेब खोटं बोलायचा, युनियनवाला तर बोलायचाच, पण सुई कधी बोलली नाही. त्यानं खुर्ची उचलली आणि सुनेत्राच्या मागे आणून ठेवली. आता तो रोज तिथं बसून सुईवर पहारा देणार होता.

"बाबा, पुन्हा अडकलं."

"कसं अडकलं? सुई तर हिरव्यात हाय."

"सुई राहू द्या ना. समोरचा माणूस बोलून राहिला, मला काहीच ऐकू नाही येऊन राहिलं."

"मंग तूच काही तरी दाबलं असशील. सुई पाह्य ना, हिरव्यात हाय!"

घरातल्या हाडामांसाच्या पोरीपेक्षा चंद्रशेखरच्या सुईवर त्याचा भरवसा जास्त. महिनाभरानं सुईचा उपयोग नाही असं वाटायला लागलं तेव्हाही त्याला हे सुचलं नाही की सुई खोटी असेल. त्याला वाटलं, सुई कमी ताकदीची आहे. परत गोरखपूर. ह्या वेळी चंद्रशेखरनं रॉकेटवाला प्रोग्राम टाकला. बटण दाबलं की पडद्यावरून एक रॉकेट धूर सोडत जायचं आणि 'कचरा साफ' असं यायचं. मग तिसरा टाकला, विकत घ्यायचा. मग अंबादासच्या फोनमध्येही सुई टाकून दिली, मामाजी खूष राहावेत म्हणून. लॅपटॉप बिचारा ह्या सगळ्यांचं ओझं वाहून आणखीच मंद झाला. चंद्रशेखर म्हणाला, "लॅपटॉपच पुराना झाला, मामाजी."

आता तुम्हीच सांगा, नळालाच पाणी बारीक येत असेल तर बादलीवर आकडे रंगवून ती लवकर भरते का? पण हे त्याला सांगणार कोण? सुनेत्रानं सांगायचं सोडून दिलं होतं, आणि चंद्रशेखरचं दुकान असल्या बूस्टरवरच चाललं होतं.

खुर्चीचा मात्र एक परिणाम झाला. मागे बसून अंबादासला पोरीचं सगळं बोलणं ऐकू यायचं. दिवसभर ती "जी सर, नहीं सर" करायची ते ठीक होतं. पण काम संपल्यावर संध्याकाळी एक वेगळा फोन यायला लागला. पुण्याचा कोणी श्रीरंग. कंपनीतलाच. अंबादासला त्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, ते हेडफोनमध्ये. ऐकू यायचं ते पोरीचं हसणं. बालाघाटहून आल्यापासून तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं. गॅसवर भाजी लागली तरी तिला भान नव्हतं. बापानं खरं तर ते हसणं ऐकून हात जोडायला हवे होते.

त्यानं काय केलं? तो उठला, हॉलमध्ये गेला, खिशातून चावी काढली, पेटी उघडली, राउटरचं बटण बंद केलं, पेटी लावली आणि पेपर घेऊन बसला.

आतून आवाज आला, "हॅलो? हॅलो?" मग सुनेत्रा बाहेर आली. "बाबा, नेट गेलं वाटतं."

"गेलं असंन," अंबादास पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "स्लोच हाय आपल्याकडचं. काय करणार?"

ती पेटीकडे बघत उभी राहिली. मग बापाकडे बघितलं. मग आत जाऊन भाजी उतरवली. अर्ध्या तासानं अंबादासनं बटण पुन्हा चालू केलं. सोपं होतं! मग चार दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. पोरगी हसायला लागली की ह्याचा हात खिशातल्या चावीवर जायचा. बिजागरीला ग्रीस होतं, ती कुरकुरायची नाही. कुलपाचा खटका तेवढा वाजायचा, पण हेडफोन लावलेल्या माणसाला तो कुठला ऐकू येणार, असं त्याला वाटायचं. मनाशी तो म्हणायचा, मी काही पोरीचं वाईट करून राहिलो का? एकदा पोळली आहे. पुन्हा पोळू नये म्हणून बापानं नाही पाहायचं तर कोणी पाहायचं? दिवसा नेट यावं म्हणून गोरखपूरच्या बसमध्ये लोंबकळायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या हातानं तेच नेट बंद करायचं, ह्यात काही चुकतंय असं त्याला एकदाही वाटलं नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका सकाळी चहा देता देता सुनेत्रा म्हणाली, "बाबा, पुण्याला बोलावलं. जावंच लागेल आता."

"अवं पण चंदू म्हणून राहिला एक नवीन सॉफ्टवेअर आलं म्हणून. पायजे तर..."

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. "आता राहू द्या."

स्टेशनवर त्यानं खवा-जिलेबीचा पुडा तिच्या हातात दिला. गाडी हलायच्या आधी खिडकीला धरून म्हणाला, "नेट सुधारलं की येऊन जाशील ना पोरी?" सुनेत्रानं त्याच्या हातावर हात ठेवला. "हो बाबा. नेट सुधारलं की." आणि "जय भीम" म्हणून तिनं डोळे पुसले. ते रडणं खरं होतं. त्या रडण्यावर अंबादास कितीतरी दिवस जगला.

घर पुन्हा रिकामं झालं. राउटर पेटीत होता, पेटीला कुलूप होतं. दर रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आला की तो फोन पुढ्यात धरून बसायचा. सुनेत्राचा चेहरा यायचा, थिजायचा, चौकोन चौकोन व्हायचा, तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. दोन मिनिटांत ती म्हणायची, "बाबा, तुटून राहिलं, ठेवते." अंबादास फोनमधल्या सुईचं बटण दाबायचा. सुई थरथरत हिरव्यात जायची. तो पुन्हा फोन लावायचा. पुन्हा चौकोन. मग सुईला नाही, कंपनीला नाही, चंद्रशेखरला नाही, नशिबाला शिव्या घालत तो भाजी चिरायला बसायचा. पोरीला माझ्यापासून तोडलं ते ह्या मेल्या नेटनं, असं त्यानं सगळ्या रांझीला सांगितलं होतं. लोकही मान डोलवायचे.

उन्हाळा लागला आणि एका शनिवारी माकडांनी खांबावरची तारच तोडून टाकली. अंबादासनं स्वतः पाहिलं. तार अंगणात लोंबत होती, पेटीच्या भोकातून राउटरचा लाल दिवा दिसत होता. सवयीनं त्यानं फोनमधली सुई दाबली. सुई थरथरली, उठली आणि झपकन हिरव्यात गेली. अभिनंदन.

त्यानं लोंबणारी तार पाहिली. सुई पाहिली. पुन्हा दाबली. पुन्हा हिरवी. "अरे चंदू, हरामखोरा!" तो अंगणात उभा राहून ओरडला. चंपाबाई भिंतीवरून डोकावली, "काय झालं हो भाऊ?" तो आत जाऊन बसला. सुई खोटी निघाली हे त्याला पटायला वेळ लागला, आणि पटल्यावर त्याच्या मनात आलं की पोरगी म्हणत होती ते खरं होतं. रोज म्हणत होती.

दुपारी लाइनमन आला. तोच, पहिल्या वेळचा. तार जोडून घाम पुसत हॉलमध्ये आला आणि पेटी पाहून त्यानं कपाळावर हात मारला.

"काकाजी, अभी तक इसी में रखा है? लोहे के डिब्बे में वाई-फाई कैसे चलेगा? दीदी को तो मैंने दिवाली के टाइम ही बता दिया था."

"किसको?" अंबादास म्हणाला.

"अरे, दीदी को. आप पेन्शन के काम से बैंक गए थे. उन्होंने ही चाबी लाके खोला. मैंने बाहर रखके दिखाया, एकदम दौड़ने लगा था."

"मंग... फिर?"

"फिर क्या. दीदी थोड़ी देर देखती रहीं. बोलीं, भैया, वापस अंदर ही रख दो. मैंने पूछा काहे, तो बोलीं, बाबा ने बनाया है." लाइनमन हसला. "बहुत मानती हैं आपको."

अंबादासनं पेटी उघडून दिली. लाइनमननं राउटर बाहेर काढून पेटीच्या वर ठेवला. जाता जाता अंबादासनं त्याला एक विचारलं, "भैया, वो सॉफ्टवेयर डालने से स्पीड बढ़ती है क्या?" लाइनमन वहाणा घालत म्हणाला, "लाइन में जितना है उतना ही आएगा, काकाजी. सॉफ्टवेयर कहाँ से लाएगा?"

तो गेल्यावर अंबादास उठला आणि त्यानं बाबासाहेबांचा फोटो जरासा पुढे ओढून मागे पाहिलं. प्रत्येक कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. दुसरी चावी कुसुमबाई तिथं खिळ्याला अडकवून ठेवायची. ती गेल्यावरही तोच रिवाज चालू होता. चावी जागेवर होती. म्हणजे पोरीकडे चावी होती. पहिल्या दिवसापासून होती. ती कोणत्याही दिवशी पेटी उघडू शकत होती.

मग का नाही उघडली? लाइनमनला वाटलं, बापाचा मान राखला. अंबादासलाही क्षणभर तसंच वाटून पाहायचं होतं. पण तो बसला आणि एकेक आठवत गेलं. दिवाळीच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळची बटणं सुरू झाल्यानंतर. कुलपाचा खटका. "बाबा, नेट गेलं वाटतं," म्हणून पेटीकडे पाहणं, मग त्याच्याकडे पाहणं. तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं! ती एका शब्दानं बोलली नव्हती. आणि कंपनीचं बोलावणं? पहिली तंबी खरी असेल. पण शेवटच्या वेळी तिला साहेबांशी बोलताना त्यानं कुठे ऐकलं होतं? तो तर रोज तिच्या मागे खुर्ची टाकून बसून होता. कोणीच बोलावलं नव्हतं. पोरीला जायचं होतं. बापाच्या तोंडावर "मला तुमच्याजवळ राहायचं नाही" म्हणवत नव्हतं, म्हणून तिनं नेट स्लो राहू दिलं. त्यानं बनवलेल्या पेटीत, त्यानं लावलेल्या कुलपात.

त्याला संताप आला. एवढं केलं मी, एवढं धावलो, आणि ही पोरगी शांत बसून पाहत राहिली! रॉकेट पाहत राहिली, सुई पाहत राहिली, म्हाताऱ्या बापाला बसचे धक्के खाऊ दिले! तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. मग त्याचं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं. आतल्या खोलीत ती अजून तिथंच होती, टेबलाच्या मागे, जिथं त्यानं ठेवली होती. टेबलाशी बसणाऱ्या माणसाला मान वळवली की त्या खुर्चीवरचा माणूस दिसेल, एवढीच जागा मध्ये होती. तो येऊन पुन्हा हॉलमध्ये बसला. संतापही फार वेळ टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारातून आल्यावर त्यानं फोन लावला आणि सुनेत्राचा चेहरा आला तो असा लख्ख आला की अंबादासनं फोन आणखी जवळ धरला. चौकोन नाहीत, अडकणं नाही. पोरीनं चष्मा बदलला होता. गालावर थोडं मांस आलं होतं. मागे खिडकीत पडदा हलत होता, पंखा फिरत होता, टेबलावर चहाचे दोन कप होते. एक हात आला, मनगटावर घड्याळ असलेला, आणि त्यातला एक कप उचलून घेऊन गेला. सुनेत्रानं त्या हाताकडे बघून डोळ्यांनी काही तरी सांगितलं आणि हसली. तेच हसणं. ह्या वेळी अंबादासच्या खिशातल्या चावीचा काही उपयोग नव्हता.

"जय भीम बाबा. जेवण झालं का?"

"जय भीम. व्हायचं हाय." राउटर बाहेर काढला हे त्यानं सांगितलं नाही. रात्रभर जे जुळवून ठेवलं होतं ते आता बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं, ये म्हणायचं होतं, त्या श्रीरंगलाही घेऊन ये म्हणायचं होतं. "सुनेत्रा, माय, तुह्याशी एक बोलाचं व्हतं. त्या पेटीचं..."

पोरीचा चेहरा बदलला. क्षणभर ती बापाकडे सरळ बघत राहिली. मग भुवया जवळ आणून, कानामागे हात धरून म्हणाली, "हॅलो? बाबा? तुमचा आवाज तुटून राहिला."

तिच्या मागे पंखा फिरत होता. पडदा हलत होता.

"हॅलो बाबा? दिसूनही नाही राहिले तुम्ही. लय स्लो आहे तिकडचं नेट. ठेवते हं, पुढच्या रविवारी करते."

अंबादासनं तोंड उघडलं. नाही पोरी, सगळं साफ दिसून राहिलं, तुह्या चष्म्याची काडीही दिसून राहिली, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत होते आणि त्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती.

"हो माय," तो म्हणाला. "स्लोच हाय आपल्याकडचं. काय करणार?"

फोन बंद झाला. अंबादास उठला, त्यानं राउटर उचलून पुन्हा पेटीत ठेवला, दार लावलं आणि कुलूप घातलं. पुढच्या रविवारी पोरीला खोटं बोलावं लागू नये म्हणून.